भाऊजींचं हसू

हसण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या घरी जावई म्हणून आला. बाकीची कामंही त्यांनी केली. वर्ध्याजवळच्या आंजी गावात मोठ्या भावाबरोबर मळा कसला, वांगी-मिरच्या पिकवल्या, उजाडायच्या आत त्या वर्ध्याच्या बाजारात आणल्या, एकुलत्या मुलीला वाढवून पुलगावला चांगल्या घरी दिलं. पण ते सगळं जाता जाता. मूळ काम हसण्याचं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो. आंजीत नव्या माणसानं त्यांचं घर विचारलं, तर सांगणारा आधी खात्री करून घ्यायचा, "कोन, ते हासणारे काय?" आणि मग रस्ता दाखवायचा.

त्यांच्या हसण्याची पहिली गंमत म्हणजे ते उशिरा यायचं. कुणी काही गमतीचं बोललं की भाऊजी गंभीर चेहऱ्यानं ऐकत राहायचे. चारचौघं हसून मोकळी व्हायची, डोळे पुसून व्हायचे, बोलणं कापसाच्या बोंडअळीवर यायचं, आणि तेव्हा भाऊजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागायचं. आधी नाक फुगायचं, मग भुवया वर जायच्या, दोन्ही हात गुडघ्यांवर यायचे. विहिरीवरचा पंप सुरू केला की पाइपातून आधी नुसती हवा येते, मग दोनचार गुळण्या, आणि मग एकदम पाण्याचा लोट, तसं ते हसू यायचं. शेवट खोकल्यानं आणि "अगा मायवो" या दोन शब्दांनी. तोवर बोंडअळीवर बोलणारा माणूस आपलं काय चुकलं म्हणून इकडेतिकडे बघत असायचा.

याची पहिली ओळख आम्हाला त्यांच्या लग्नातच झाली. भटजीबुवांना ऐन 'सावधान'ला शिंक आली. मांडव हसला आणि शांत झाला. अंतरपाटापलीकडे नवरदेव मात्र दगडासारखे उभे, ते पाहून माझ्या वडिलांना बरंच वाटलं, जावई पोक्त मिळाला म्हणून. पुढच्या मंगलाष्टकात मुलगी माहेर सोडून निघाल्याचं वर्णन आलं. आईचे डोळे भरले, मावशीनं हुंदका दिला, आणि त्या हुंदक्यावर अंतरपाट थरथरायला लागला. भाऊजींना शिंक आत्ता पोचली होती. भटजी थांबले, वाजंत्रीवाल्यांना वाटलं लागलं लग्न, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वडील मामाच्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगा बराबर हाय ना? आपण नीट पाह्यलं ना?"

आता गंमत अशी की ज्या मुलीशी त्यांचं लग्न लागलं ती आमची ताई आवाज न करता हसते. लहानपणापासून तसंच. हसू आलं की ती मान खाली घालते, पदर तोंडाला लावते, आणि तिचे फक्त खांदे हलतात. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, पण तोंडातून एक अक्षर नाही. लग्नानंतर महिनाभरात भाऊजी सायकल मारत सिंदी मेघेला आमच्याकडे आले, ओसरीवर बसले आणि चहा आला तरी कपाला हात लावेनात. वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मामाजी, तुमची पोरगी खूश नाई आमच्या घरी. मी तिले हासवाले काई सांगतलं का ते रडते. काल तं बकरीची गोष्ट सांगतली, तं पदर लावून अर्धा घंटा रडली."

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "जवाईबापू, ते रडत नाई, हासते. ते तशीच हासते."

भाऊजींनी आईकडे बघितलं, चहा पिऊन टाकला, वडिलांच्या पाया पडले आणि सायकल फाटकाबाहेर काढली. आम्ही आत वळलो तेवढ्यात रस्त्यावरून ते हसू आलं. बऱ्याच लांबपर्यंत ऐकू येत राहिलं.

त्यानंतर माणसांच्या हसण्याकडे कान लावून बसायचा त्यांना नादच लागला. बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसून ते गिऱ्हाइकांची हसणी ऐकायचे आणि मला त्यांची नावं सांगायचे. कुणाचं डबड्यात खडे हलवल्यासारखं, कुणाचं उकळत्या वरणासारखं, कुणाचं घरात पाहुणे असल्यासारखं. मी वर्ध्याला शाळेत शिकवतो, म्हणून मला ते मास्तर म्हणायचे. "मास्तर, तुमचं हासणं शाळेतलं हाय," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. "घंटी झाली का सुरू होते, घंटी झाली का बंद होते." मला राग आला होता, पण माझी बायको ते ऐकून जी हसली त्यावरून ते खरं असावं.

हसण्यावरून माणूस कळतो असा त्यांचा दावा होता आणि तो बहुतेक वेळा चुकायचा. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांना ते हसवू बघत होते. ते गृहस्थ ओठ मिटून, दात जेमतेम दाखवून, हं हं असं मोजकं हसले. परतताना भाऊजी म्हणाले, "सोयरीक करू नका. हा माणूस दाताच्या आत काईतरी लपवून ठेवते." मी सोयरीक केली. सासरे माझे इतके मायाळू निघाले की काय सांगावं. लपवलेलं होतं ते एवढंच, की आदल्याच आठवड्यात त्यांनी कवळी बसवली होती आणि ती पाहुण्यांसमोर पडेल अशी त्यांना धास्ती होती. हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते आपल्या चुकीवर असे हसले, की मळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांचे मोठे भाऊ ओरडले, "पुरे."

या मोठ्या भावाला सगळे दादा म्हणायचे. दोघांची घरं एकाला एक लागून, मळा एकत्र. दादा हसत नसत. धाकट्याचं हसू सुरू झालं की "पुरे" एवढा एक शब्द बोलत, आणि त्या शब्दानं धाकट्याला आणखी हसू येई. दोघांमध्ये याहून जास्त बोलणं मी ऐकलं नाही. पण बाजाराची गाडी भरताना एकानं हात पुढे केला की दुसऱ्यानं त्यात नेमकं हवं ते ठेवलेलं असायचं.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात, वांग्यांना पाणी देताना भाऊजी वाफ्यातच पडले. ताई न्याहारी घेऊन गेली तेव्हा पाणी वाफ्याबाहेर वाहत होतं आणि भाऊजी उजव्या कुशीवर, चिखलात, डोळे उघडे. दादांनी त्यांना एकट्यानं उचललं आणि मिरच्यांच्या पोत्यांसाठी उभ्या असलेल्या गाडीत घालून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेले, वाचा बरीचशी गेली.

वॉर्डात बरेच दिवस ते नुसते छताकडे बघत पडून होते. मुलगी पुलगावहून आली, ती दारापासूनच रडत. पलंगाजवळ येऊन तिनं "बाबा" म्हटलं, आणि भाऊजी हसले. आम्हाला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. मुलगी रडता रडता हसायला लागली, "बाबानं वळखलं मले, हासले, पाह्य ना मामा," म्हणून माझा हात ओढू लागली. नर्सनंही बरं झालं म्हटलं. मी शेजारच्या पलंगावरच्या लोकांना उगीचच सांगत सुटलो, आमचे भाऊजी मूळचेच हसरे आहेत. एकटी ताई हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती.

कारण ते हसू थांबेना. आणि ते आमच्या ओळखीचंही नव्हतं. त्याला उशीर नव्हता, चढउतार नव्हता. पाणी न ओढता नुसत्या हवेवर फिरणाऱ्या पंपासारखं ते एका सुरात चालू राहिलं. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि डाव्या हातानं त्यांनी चादर मुठीत धरली. मुलगी हसायची थांबली. मग आपोआप, दम संपल्यावर, तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. "काका आनंदानं हसत नाहीयेत. हसण्यारडण्यावर मेंदूचा जो ताबा असतो, तो सुटलाय. आत वाईट वाटो, राग येवो, नुसतं दचकायला होवो, बाहेर हेच येईल. कधी काही न वाटताही येईल. औषधानं थोडं कमी होईल, पण एकदम जाणार नाही."

ताईनं विचारलं, "मंग आपण हासून राह्यलो हे त्याइले समजते का?"

"समजतं. त्यांना सगळं समजतं, ताई."

ताई वळली आणि पलंगापाशी जाऊन बसली.

घरी आणल्यावर बघायला लोक येऊ लागले. बायका ताईला म्हणायच्या, "चांगलं हाय, हासून तं राह्यले. त्याइले काई टेन्शन नाई." ताई प्रत्येकीला समजावून सांगायची, प्रत्येकीला पटायचं, आणि उठताना तीच म्हणायची, "हासून-खेळून हायत, देवाची कृपा." बाजारात वीस-एक वर्षं भाऊजींच्या शेजारी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसणारे त्यांचे एक दोस्त एकदा आले. त्यांची बायको नुकतीच वारली होती. ते पलंगापाशी बसून, खालच्या आवाजात, तिच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होते, आणि भाऊजी हसायला लागले. दोस्तांनी थोडा वेळ वाट बघितली. मग चहा तसाच ठेवून उठले. ताई त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली. "भाऊ, त्याइले वाईट वाटलं म्हून आलं ते. बिमारीच तशी हाय." ते म्हणाले, "समजते ना वहिनी, समजते मले." पण पुन्हा आले नाहीत. त्यानंतर फाटक वाजलं की भाऊजी भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायला लागले.

मी रविवारी जायचो. त्यांना पाचदहा शब्द परत आले होते: हो, नाई, पाणी, ताईचं नाव. एका रविवारी त्यांनी मला डाव्या हातानं जवळ बोलावलं. बराच वेळ तोंडाची खटपट केली. मग स्वतःच्या ओठांना बोट लावून म्हणाले, "मास्तर... हे... माहं... नाई." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले असतील ते त्यांनाच ठाऊक, आणि बोलून होताच त्यांना ते हसू आलं. मी त्यांचा हात धरून ते थांबेपर्यंत बसलो. आयुष्यभर दुसऱ्याचं हसू कान लावून ऐकणाऱ्या माणसाला आता स्वतःच्या तोंडातलं दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं लागत होतं.

दादा मात्र रोज सकाळी यायचे. दाढीचं सामान घेऊन यायचे, धाकट्याच्या गालाला साबण लावायचे आणि न बोलता त्याची दाढी करायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताई भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, येत नसे. ते आले की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून स्वयंपाकघरात जायची आणि तिथून गरम पाण्याची वाटी दारात सरकवायची. ती मला म्हणायची, "भासरे दाढी करतेत तेवढा वेळ ते हासत नाई, बाबू. एकदम शांत राह्यतेत." एखाद वेळी आलंच हसू, तर दादा वस्तरा बाजूला धरून थांबायचे. "पुरे" मात्र त्या दिवसांत ते कधी म्हणाले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दादा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मी आणि भाऊजींचा पुलगावचा जावई पोचलो तेव्हा दादांच्या अंगणात माणसं जमली होती. दादांचा मुलगा ताईपाशी येऊन उभा राहिला. पोरगा वाईट नव्हता, बावरलेला होता. म्हणाला, "काकू, काकाले नका आणू. सारे पाहुणे येऊन राह्यले. तिथं सुरू झालं तं लोक काय म्हणतीन?"

ताई म्हणाली, "भाऊ हाय त्याइचा. दर्शन तं घेऊ दे."

जावयानं आणि मी भाऊजींना खुर्चीत बसवून उचललं आणि अंगणात दादांच्या पायांशी नेऊन ठेवलं. त्यांनी भावाकडे बघितलं. मी मनात म्हणत होतो, आज नको. ओठ हलायला लागले. मग ते आलं, आणि या वेळी इतक्या जोरात, की रडणाऱ्या बायका एकेक करत थांबल्या. सगळ्या अंगणात दुसरा आवाज उरला नाही. माझ्याशेजारचे एक म्हातारे उठून पाठ फिरवून उभे राहिले. दादांच्या मुलानं दात आवळले होते. भाऊजींच्या डाव्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरली होती आणि डोळे अंगणातल्या एकेका माणसाकडे जात होते, कुणीतरी थांबवा असं म्हणत असल्यासारखे.

ताई बायकांतून उठली. पुरुषांमधून वाट काढत आली, खुर्चीशेजारी जमिनीवर गुडघे टेकले, भाऊजींच्या गळ्यात हात घातला, गालाला गाल लावला, आणि मोठ्यानं रडायला लागली. तिचा चढलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"दादा, मले टाकून काऊन गेले हो दादा. मी कोनाकडे पाहू आता. सकाळी माही दाढी कोन करन, दादा. मी पहिले जाणार होतो ना, तुम्ही कसे गेले..."

बायकांना आधी कळलं. ताईनं भासऱ्यांना जन्मात दादा म्हणून हाक मारली नव्हती. समोर उभीसुद्धा राहिली नव्हती. ती स्वतःचं रडणं रडत नव्हती. भाऊजींच्या आत जे होतं ते ती तिच्या तोंडून बाहेर काढत होती, आणि भाऊजी तिच्या गालाला गाल लावून डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं हसू चालूच होतं. पण तिच्या आवाजाखाली आता ते वेगळं ऐकू येईना. एका म्हातारीनं गळा काढला, मग सगळ्यांनी. दादांचा मुलगा खाली बसला आणि त्यानं काकाच्या मांडीवर डोकं ठेवलं. काकाचा डावा हात हळूहळू खुर्चीवरून सुटून त्याच्या केसांवर आला.

त्या दिवसानंतर आंजीत कुणाला समजावून सांगायची पाळी ताईवर आली नाही. बाजारातले ते दोस्तही परत आले. दाढी करायला पुतण्या येऊ लागला. त्याचा हात हलका नव्हता, दर खेपेला एखादा काप पडायचा, पण एकही दिवस तो यायचा चुकला नाही. भाऊजी पुढचा पावसाळा राहिले. दिवाळीनंतर, पलंगावर ऊन आलेलं असताना, ताईनं दिलेलं पाणी पिऊन, ते गेले.

सगळे विधी उरकले, मुलगी पुलगावला गेली, तेव्हा मी ताईला काही दिवस सिंदी मेघेला चल म्हणायला गेलो. ती नाही म्हणाली. मिरचीचे तोडे चालू होते. अंगणात सुपात लाल मिरच्या घेऊन ती देठं काढत बसली होती. मी जवळ बसलो आणि बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते विचारलं. "ताई, बिमारीनंतर भाऊजी कधी खरं हासले काय?"

"हासले ना. एकदा कुत्रं माही चप्पल घेऊन पळालं अन् मी त्याच्या मागं पळाली, तवा हासले. आनखी बी दोन-तीन डाव."

"तुले कसं समजे? आवाज तं एकच होता."

"आता ते कसं सांगू तुले," ती म्हणाली. "समजे."

तिनं आणखी दोनचार देठं काढली. मग मान वर न करता म्हणाली, "ते दुसरं होतं ना, बिमारीचं, त्याचा लय राग यायचा मले. पहिले पहिले तं मी स्वयंपाकघरात जाऊन कानावर हात ठेवो. आता सकाळी चहा मांडते अन् घर एकदम चूप. गमत नाई, जीव रमत नाई, बाबू. वाटते, तेच ऐकू आलं असतं तरी चाललं असतं. ते त्याइचं नोतं, मले मालूम हाय. पण त्याइच्याच तोंडातून यायचं ना."

तिनं सूप माझ्याकडे थोडं सरकवलं, आणि आम्ही दोघं ऊन उतरेपर्यंत देठं काढत बसलो.